तंबू, डिंगो आणि कंसातलं एक वाक्य

ताई, नमस्कार.

आम्ही पाच वर्षांपासून ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनमध्ये आहोत. सप्टेंबरअखेरीला शाळांना सुट्टी लागते तेव्हा माझे सासू-सासरे येणार आहेत. नवऱ्याने गेल्या वर्षी जुनी, सात सीटची फोर-व्हील ड्राइव्ह घेतली, तेव्हापासून त्याने एकच धोशा लावलाय: क'गरी, म्हणजे पूर्वीचं फ्रेझर आयलंड. पाच रात्री, थेट किनाऱ्यावर तंबू ठोकून, आम्ही सहाही जणांनी. मुलं (मुलगा ११, मुलगी ६) हवेत आहेत. सासरे ७२ वर्षांचे, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण लहानपण कोकणात खाडीकाठी गेलेलं. त्यामुळे ‘समुद्र मला कुणी शिकवायचा नाही’ हे ठरलेलं वाक्य. सासूबाईंना कुणीतरी डिंगोंचे, म्हणजे इथल्या रानकुत्र्यांचे, व्हिडिओ पाठवलेत आणि ‘नातवंडांना घेऊन लांडग्यांच्या बेटावर कशाला जायचं’ म्हणून त्या रोज फोनवर रडकुंडीला येतात. नवरा म्हणतो, तू आईला समजाव. आई म्हणतात, तू त्याला समजाव. मी नको म्हटलं तर त्याचा हिरमोड, हो म्हटलं तर पाच दिवस माझा जीव टांगणीला. (मला खरं तर देवमासे बघायचेत, पण ते जाऊ दे.) काय करू?

– वाळूत अडकलेली

———

अगं, आधी तुझ्या नवऱ्याच्या बाजूने बोलते, कारण पुढे त्याच्या विरुद्ध बरंच बोलायचं आहे.

बेट त्याने लाखात एक निवडलंय. वाळूचं बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चार झाडं आणि पाय पोळणारी पुळण येते. हे जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट, लांबी १२० किलोमीटरच्या वर, आणि त्यावर चक्क घनदाट पर्जन्यवन उभं आहे. दक्षिणेकडची वाळू समुद्राने लाखो वर्षं ढकलत ढकलत वर आणली, ती थोड्याशा खडकांच्या आधाराने इथे साठली, आणि मग पाऊस, पालापाचोळा आणि बुरशी यांनी मिळून त्या वाळूत जंगल रुजवलं. सेंट्रल स्टेशन नावाची जागा आहे. रेल्वे वगैरे काही नाही, जुन्या लाकूडतोड्यांचं ठाणं. तिथे वांगूल्बा नावाचा ओढा वाहतो. पहिल्यांदा गेले तेव्हा मी ओढ्याच्या काठावर उभी राहून ओढा कुठे आहे म्हणून विचारलं होतं. पाणी इतकं नितळ की तळाची पांढरी वाळूच दिसते, आणि आवाज अजिबात नाही. खळखळायला दगड हवेत ना! त्या ओढ्यावर माणसाच्या दुप्पट लांबीची पानं असलेले नेचे वाकलेले असतात. सासऱ्यांना गुडघ्यांमुळे फार चालवत नसेल तरी तिथल्या लाकडी फळ्यांच्या वाटेवरून थोडं पुढे नक्की जाता येईल. इथल्या सॅटिने झाडाचं लाकूड पाण्यात टिकतं म्हणून ते सुएझ कालव्याच्या कामासाठी नेलं होतं, हेही त्यांना सांग. खाडीकाठच्या माणसाला लाकडाची पारख असते. १९९१ मध्ये तिथली लाकूडतोड थांबली आणि १९९२ मध्ये बेट जागतिक वारसा यादीत गेलं.

नावाचंही सांगून टाकते. त्या ‘क’चा उच्चार करायचा नाही, नुसतं ‘गरी’ म्हणायचं. बेटाचे मूळ लोक बुचुल्ला, हा त्यांचा शब्द, आणि २०२३ मध्ये तेच नाव सरकारी कागदावर परत आलं. त्यांच्या कथेत गरी ही एक आत्मारूप स्त्री. पृथ्वी घडवायच्या कामात तिने मदत केली, मग तिला ही जागा इतकी आवडली की परत जाववेना, म्हणून तिचंच बेट झालं आणि आकाश बघता यावं म्हणून तिला तळ्यांचे डोळे दिले. आपल्याकडे कोकणात गरी म्हणजे मासे धरायचा गळ, हे सासरे लगेच म्हणतील. म्हणू देत.

आता विरुद्ध.

माझी पहिली हरकत डिंगोला नाही, गाडीला आहे. तुझ्या पत्रात डिंगो चार ओळी खातो आणि गाडी अर्धी ओळ. बेटावर डांबरी रस्ता नाही. आतल्या वाटा म्हणजे एकेरी, खोल चाकोऱ्यांच्या वाळूच्या वाटा, तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर आणि तेवढा वेग गाठणंही कठीण. पूर्वेचा सेव्हन्टी फाइव्ह माइल बीच हा कायद्याने रस्ता आहे: ८० ची मर्यादा, पोलीस, आणि वरून मध्येच उतरणारी छोटी विमानं. सगळं सपाट, कडक, मोकळं दिसतं. तिथेच नवशिके फसतात. वरून वाहत येणारे ओहोळ समुद्राला मिळताना वाळूत हातभर खोल खाच पाडतात, ती लांबून दिसत नाही, आणि ८० च्या वेगात सहा माणसं, सहा जणांचं सामान आणि टपावर तंबू घेऊन तिच्यात गेलं तर गाडी नीट बाहेर येईलच असं नाही.

मी हे पुस्तकी बोलत नाही. आम्ही ब्रिस्बेनला असताना पहिल्यांदा निघालो ते बेटाच्या दक्षिण टोकासमोरच्या इन्स्किप पॉइंटवरून. तिथे धक्का-बिक्का नाही, तराफ्यासारखी बार्ज सरळ पुळणीला लागते आणि गाड्या वाळूतून तिच्यावर चढतात. टायरमधली हवा कमी करायची असते हे आमच्या यजमानांना माहीत होतं, पण ‘पलीकडे गेल्यावर बघू’ म्हणाले. पलीकडे कुठलं! बार्ज समोर दिसत होती, पन्नास पावलांवर, आणि आमची गाडी पोटापर्यंत वाळूत. त्यांनी आणखी गॅस दिला, चाकं आणखी खाली गेली. मागे रांग. मग मासे धरायला निघालेला एक म्हातारा अनवाणी आला, एक अक्षर न बोलता चाकाशी उकिडवा बसला आणि हातातली किल्ली व्हॉल्व्हवर दाबून धरली. शिस्स्स. चारही चाकं झाली. एकदाच म्हणाला, ‘अठरा’. मग आम्ही चाकांमागची वाळू हातांनी उपसली आणि गाडी अलगद, काही झालंच नाही अशी मागे आली. त्या अठराचा अर्थ १८ पीएसआय, म्हणजे टायरमधल्या हवेचा दाब. डांबरावर ज्या टायरमध्ये ३५ च्या आसपास हवा असते तिची साधारण निम्मी केली की टायर पसरतो, वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूत घुसायच्याऐवजी तिच्यावर चालते. उंटाच्या पायासारखं. फक्त हवा कमी असताना झटक्यात वळायचं नाही, आणि डांबरावर परतलं की पुन्हा भरायची. त्यामुळे गाडीत हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर, दाब मोजायचं यंत्र आणि फावडं, या तीन वस्तू तंबूच्या आधी विकत घ्यायला सांग.

नवऱ्याने यापूर्वी वाळूत गाडी घातली आहे का? हे तू लिहिलेलं नाहीस, आणि मला उत्तर ‘नाही’ असं वाटतंय. नसेल, तर म्हाताऱ्या आई-वडलांना मागच्या सीटवर बसवून शिकायचं ते काम नव्हे. मोठ्या मुलाला किंवा मित्राला घेऊन आधी एखाद्या शनिवार-रविवारी जाऊन येऊ दे. रुतू दे, हवा सोडू दे, लोकांच्या मदतीने बाहेर येऊ दे. परतल्यावर तो आपणहून पाच रात्रींच्या तीन करेल, बघ.

दुसरी गोष्ट, भरती. बेटावर घड्याळ तिचं. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास गाडी किनाऱ्यावर न्यायची नाही, कारण तेव्हा कडक वाळू पाण्याखाली जाते आणि उरते ती वरची भुसभुशीत पट्टी. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सोमवारी जो कार्यक्रम बसला तो गुरुवारी बसेलच असं नाही. इथे तुझे सासरे मध्ये पडणार, मला दिसतंय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे कोकणातलं गणित ते बोटांवर करून दाखवतील. गणित खरं आहे, पण ते कोकणकिनाऱ्याचं. क्वीन्सलँडला, म्हणजे तुमच्या राज्याला, ते लागू नाही. तिथलं छापील वेळापत्रकच पाहायचं. मात्र अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं ते दोन्हीकडे सारखंच, तेव्हा तिथी सांगायचं काम त्यांच्याकडेच दे आणि वेळापत्रक वाचायचं काम नातवाकडे. दोघे सकाळी चहाबरोबर बसून दिवसाच्या वेळा ठरवतील. नुसतं ‘बाबा, पाण्यात जाऊ नका’ म्हणण्यापेक्षा हे बरं.

पण पाण्यात जाऊ नका, हे म्हणावंच लागेल. पूर्वेचा समुद्र पोहण्याचा नाही. ओढून नेणारे प्रवाह आहेत, शार्क आहेत, आणि किनाऱ्यावर जीवरक्षक नाहीत. खाडीत पोहलेल्या माणसाला हे पटत नाही कारण लाटा फार मोठ्या दिसत नाहीत. त्यांना इलाय क्रीकला ने. तासाला सुमारे ४० लाख लीटर गोडं पाणी समुद्राला देणारा हा ओढा. वर फळ्यांची वाट आहे, तिच्यावरून थोडं चढून पाण्यात उतरायचं आणि रबरी ट्यूबवर पडून प्रवाहाबरोबर खाली यायचं. मुलं दहा वेळा करतील. सासऱ्यांनी एकदा केलं तरी घरी गेल्यावर दहा वेळा सांगतील. तिथून थोडं उत्तरेला माहेनो जहाजाचा सांगाडा पडलाय: १९०५ ची बोट, पहिल्या महायुद्धात इस्पितळ-जहाज होती, १९३५ मध्ये भंगारात काढायला जपानकडे ओढून नेताना वादळात दोर तुटला आणि ती इथे येऊन लागली. गंजून जाळी झालीय. आत शिरायला, वर चढायला बंदी आहे, फोटो लांबून.

आणि तळी. मॅकेन्झी तळ्याबद्दल नवऱ्याने तुला शंभर फोटो दाखवले असतील, तेव्हा रंगाचं सांगत नाही. ते तळं वाळूत टिकतं कसं, ते सांगते, कारण मुलं विचारतील. वाळूतून पाणी झिरपून जायला हवं. पण खोलगट जागी पडलेला पालापाचोळा कुजून वाळूच्या कणांना चिकटतो आणि वर्षानुवर्षांनी तळाशी शेणाने सारवल्यासारखा थर बसतो. त्यावर पावसाचं पाणी साठतं. ना नदी येऊन मिळते, ना बाहेर जाते. जगातल्या अशा तळ्यांपैकी निम्मी या एका बेटावर आहेत. म्हणून अंगाला क्रीम चोपडून लगेच पाण्यात उतरायचं नाही. जे पाण्यात गेलं ते तिथेच राहतं. उन्हासाठी लांब बाह्यांचे पोहायचे कपडे घाला. काठावरची वाळू पिठासारखी बारीक आणि पांढरी. तिने सोन्याच्या बांगड्या चकचकीत होतात म्हणतात, सासूबाई एकदा तरी घासून पाहतील. वॉबी तळ्याला मात्र तुम्ही सगळे जाऊ नका, चाल बरीच आहे. मुलगा हट्टाने गेलाच तर एक बजाव: वाळूच्या उतारावरून धावत येऊन पाण्यात सूर मारायचा नाही. तसं करून लोकांनी माना आणि पाठीचे कणे मोडून घेतलेत.

आता सासूबाईंचा डिंगो.

त्यांची भीती खोटी नाही, हे आधी मान्य कर. ‘काही होत नाही हो आई’ म्हणू नकोस. २००१ मध्ये या बेटावर नऊ वर्षांचा एक मुलगा डिंगोंच्या हल्ल्यात गेला, आणि त्यानंतरही चावल्याच्या घटना घडत आल्यात. पण लांडगा म्हणजे अंधारातून झेप घेणारा, हे जे त्यांच्या मनात आहे ते चित्र चुकीचं आहे. बेटावर डिंगो आहेतच मुळी ७० ते २०० च्या दरम्यान. बुचुल्ला त्यांना वोंगारी म्हणतात. खरी गोम अशी की डिंगो भयंकर दिसत नाही. तो आपल्या गल्लीतल्या तांबूस गावठी कुत्र्यासारखा दिसतो. बारीक पोट, उभे कान, शेपटीचं टोक पांढरं. तुझी धाकटी त्याला ‘यू यू’ करेल. आणि तुझे सासरे, ज्यांनी जन्मभर ताटातला शेवटचा चतकोर कुत्र्याला टाकला असेल, ते सवयीने हात पुढे करतील.

तो चतकोर टाकायचा नाही. इथे हे पुण्य नाही, गुन्हा आहे. दंड दोन हजार डॉलरच्या वर. दंडाचं एक वेळ सोड. माणसाकडे खाणं मिळतं हे डिंगोला कळलं की तो माणसाजवळ यायला लागतो, मग मागायला, मग हिसकायला, मग चावायला. त्या पायरीवर आला की वनरक्षकांना त्याला मारावं लागतं. म्हणजे चतकोर टाकणारा परत घरी जातो आणि मरतो तो डिंगो. सासऱ्यांना नियम म्हणून सांगितलंस तर ते ‘हं’ म्हणतील. असं सांग, ते ऐकतील. कुत्र्यावर माया असलेली माणसं ही गोष्ट पटकन धरतात.

बाकी वागायची रीत सोपी आहे, फक्त सहाही जणांना पाठ हवी. मूल हाताच्या अंतरावर, स्वच्छतागृहापर्यंत जायचं तरी. एकट्याने फिरायचं नाही, हातात काठी असू दे. किनाऱ्यावर धावायचं नाही. पळणारी गोष्ट म्हणजे सावज, एवढं त्याला कळतं. समोर आलाच तर उभं राहायचं, हात छातीशी घट्ट धरायचे, तोंड त्याच्याकडे ठेवायचं आणि पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकत बाकीच्यांजवळ यायचं. घरी दिवाणखान्यात याचा खेळ करा, नवरा डिंगो. सहा वर्षांच्या मुलीला यापेक्षा चांगलं शिकवता येत नाही, आणि फोनवर व्हिडिओने आजीलाही बघू दे. तिची निम्मी भीती नात सरळ उभी राहिलेली बघूनच जाईल.

खाणं तंबूत ठेवायचं नाही, रिकामा डबासुद्धा नाही. सगळं गाडीत, काचा बंद करून, किंवा कुलपाच्या मजबूत पेटीत. मॅकेन्झीसारख्या तळ्याच्या काठावर पाण्याशिवाय काही न्यायचं नाही. डबा खायला कुंपणाची वेगळी जागा केलेली आहे. आमच्या वेळी शेजारच्या तंबूवाल्यांनी लाडवांचा नव्हे पण बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवला होता. रात्री काही ऐकू आलं नाही. सकाळी तंबूला हात जाईल एवढं भोक, आणि भोवती वाळूत पावलांची नीट गोल माळ, जसं कुणी प्रदक्षिणा घालून गेलंय.

म्हणून उघड्या किनाऱ्यावर तंबू, ही कल्पना बाद. १४ वर्षांखालची मुलं असतील तर डिंगोकुंपण असलेल्या तळावरच राहा, असं तिथली उद्यान सेवाच सांगते. सेंट्रल स्टेशन आणि डुंडुबारा इथे असे तळ आहेत. परवाना आधी काढावा लागतो, गाडीचा वेगळा आणि तंबूचा वेगळा, आणि सुट्टीत जागा फार लवकर जातात. शेकोटीचं स्वप्न असेल तर तेही आवर. २०२० मध्ये एका बेकायदा शेकोटीचे निखारे नीट विझवले नाहीत म्हणून लागलेल्या आगीत निम्मं बेट जळालं होतं. मोजक्या तळांवर ठरवून दिलेल्या चुली आहेत, तेवढ्याच.

मग करायचं काय, ते सांगते. इन्स्किपवरून जाऊ नका. हर्वी बे या गावाजवळच्या रिव्हर हेड्सवरून पश्चिम किनाऱ्याच्या किंगफिशर बेला मोठी फेरी जाते, पाऊण तासाच्या वर लागतो, धक्क्यावर उतरता येतं. तिथे दोन रात्री पक्क्या छपराखाली, सहाही जण. ही बाजू आतली, पाणी शांत, सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. पूर्वेला तुम्ही कितीही तंबू ठोका, मावळता सूर्य पाण्यात दिसणार नाही. संध्याकाळी चिलटं फार, तेवढं अंगावर घ्यावं लागतं, कारण तिवरं जवळ आहेत. आकाशात ब्राह्मणी घार दिसेल. सासऱ्यांना दाखव, ही तीच, त्यांच्या खाडीवरची, पांढरं डोकं आणि विटकरी पंख. इतक्या लांब येऊन ओळखीचं कुणी भेटल्यासारखं होतं, मला तरी झालं होतं.

मधल्या दिवशी आजी-आजोबांना उंच चाकांच्या बसची दिवसाची सहल करू दे: मॅकेन्झी, सेंट्रल स्टेशन, मोठा किनारा, इलाय क्रीक, माहेनो. चालवणाऱ्याचं ते रोजचं काम असतं. पुढच्या सीट मागून घे, मागे बसलं तर कंबर बोलते. तुमची गाडी त्या दिवशी नवरा चालवेल, फक्त तुम्ही चौघं. किंवा सगळेच बसमध्ये बसा. त्याच्या अभिमानाचं काय ते तुला जास्त माहीत. तिसऱ्या रात्री तो आणि मोठा मुलगा सेंट्रल स्टेशनच्या कुंपणाच्या तळावर तंबूत. त्याचा तंबू झाला, मुलाला बापाबरोबर एक रात्र मिळाली, आणि सासूबाई कॉटवर झोपल्या. औषधं पुरून उरतील एवढी जवळ ठेव, मोठं इस्पितळ हवं झालं तर पाणी ओलांडून हर्वी बेलाच यावं लागतं. मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, हे सासूबाईंच्या बहिणींना आधीच कळवून टाक.

आणि हे सगळं ऐकून नवरा म्हणाला की मग काही अर्थच नाही, तर ब्रिस्बेनच्या दाराशी असलेलं मिन्जेरीबा सुचव, पूर्वीचं नॉर्थ स्ट्रॅडब्रोक. तेही वाळूचंच, मोठ्यांपैकी एक. तिथे डांबरी रस्ते आहेत, पॉइंट लुकआउटला कड्यावरून चालत जायची सोपी वाट आहे, कांगारू गवतात बसलेले असतात आणि डिंगोची चिंता नाही. सासूबाईंचा जोर तिकडेच पडेल. मला विचारशील तर गरी सोडू नये.

राहिलं तुझं. दोन वेळा पत्र वाचलं. नवऱ्याला काय हवं, मुलांना काय हवं, सासऱ्यांना काय वाटतं, सासूबाईंना काय वाटत नाही, सगळं सविस्तर. तुला काय हवं ते एकदाच, कंसात, आणि वर ‘जाऊ दे’.

नको जाऊ देऊस. नेमका महिना तुझ्या बाजूचा आहे. हंपबॅक देवमासे तिथल्या हिवाळ्यात अंटार्क्टिककडून उत्तरेच्या उबदार पाण्यात येतात, पिल्लं घालतात, आणि जुलैअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत परतीच्या वाटेवर हर्वी बेमध्ये थांबतात. का थांबतात माहितेय? त्या उपसागराच्या पूर्वेला हे एवढं लांबलचक बेट आडवं पडलंय. खुल्या समुद्राच्या लाटा ते अंगावर घेतं, त्यामुळे आत पाणी निवांत. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर आया आणि पिल्लंच जास्त असतात. पिल्लू उडी मारायला शिकत असतं, निम्मी उडी जमते, बाकीचं आडवं पडतं. होडीवाले ठरलेल्या अंतरावर थांबतात, त्याहून जवळ जायचं नाही असा नियम आहे. पण देवमाशाला तो नियम लागू नाही. तो स्वतः येतो. कधी कधी अगदी बाजूला येऊन, एका अंगावर होऊन, एका डोळ्याने वर बघतो. होडीतली चाळीस-पन्नास माणसं तेव्हा फोटो काढायचं विसरतात.

होड्या हर्वी बेच्या बंदरातून सुटतात, अर्ध्या दिवसाच्या. बेटावरून परतल्यावर हर्वी बेला एक रात्र ठेव आणि दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी घे, वारा कमी असतो. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्यायची, होडीत बसल्यावर नाही. सासूबाई येतो म्हणाल्या तर ने; तिथे डिंगो नाही, बसायला बाकं आहेत, आणि देवमासा हा शब्दच असा आहे की त्या हात जोडतील. नाही आल्या तरी तू जा, एकटी गेलीस तरी जा. मुलं त्या सकाळी बापाकडे. गाडीतली वाळू झाडायचं कामही त्याच्याकडेच, आणि खालचं मीठ धुवायचं तर त्याच दिवशी, नाहीतर गंज चढेल.

तिकीट मात्र आधी तुझं काढ. बाकीचं आरक्षण त्यानंतर.

– तुझी ताई